आडनाव गाळून: परळीच्या विद्यार्थ्यांचा जाहीरनामा

आम्ही परळी वैजनाथमध्ये आणि आसपास शिकणारी पोरं-पोरी. कुणी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, कुणी फार्मसीला, कुणी आयटीआयला. दोघींचं शिक्षण बारावीनंतर सुटलं, तरी सह्या त्यांच्याही आहेत. या कागदाखाली प्रत्येकाचं फक्त पहिलं नाव दिसेल. आडनाव लिहायचं राहून गेलेलं नाही, ठरवून गाळलंय.

परळीत एखाद्याने मत मांडलं की ऐकणारा आधी विचारतो, "कुणाचा रे तू?" गाव सांगितलं की पुढचा प्रश्न, "आडनाव काय?" ते एकदा कळलं की पुढचं बोलणं ऐकायची गरज उरत नाही. बालविवाहाविरुद्ध बोललात तर अमक्या समाजाची बदनामी करताय. वीज केंद्राची राख वाहणाऱ्या हायवा ट्रकांबद्दल बोललात तर तमक्या गटाने पैसे देऊन बोलायला लावलंय. आरक्षणावर तोंड उघडलंत तर विचारूच नका. वीस वर्षांच्या पोराला स्वतःचं म्हणून काही मत असू शकतं, ही शक्यता इथे कुणी गृहीतच धरत नाही.

२०२५ च्या सुरुवातीला बीडचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या टेबलांवरच्या पाट्यांवरून आणि छातीवरच्या नावपट्ट्यांवरून आडनावं काढायला लावली. टपरीवर त्याची चेष्टा झाली. आम्ही मात्र हसलो नाही. तक्रार द्यायला गेलेला माणूस आधी साहेबाच्या छातीवरची पट्टी वाचतो आणि मग तक्रार द्यायची का ते ठरवतो, हे आम्हाला घरूनच माहीत होतं. पोलिसांना जे वरून आदेश आल्यावर करावं लागलं, ते आम्ही आदेशाशिवाय करतोय, एवढंच.

या चळवळीला आम्ही नाव ठेवलेलं नाही. नावं ठेवायला गाव समर्थ आहे. झेंडा नाही, कारण परळीत रंग बघून माणूस मोजतात. अध्यक्षही नाही. अध्यक्ष कोणत्या समाजाचा असावा, म्हणजे कुणाला राग येणार नाही, यावर पहिल्याच बैठकीत आमचा पाऊण तास गेला. मग एक पोरगी म्हणाली, "आपण नेमकं हेच मोडायला बसलो होतो ना?" अध्यक्षपद तिथेच संपलं.

आता मतं सांगतो. ती सगळ्यांना रुचतील अशी नाहीत.

आमच्यातले बरेच जण २००५-०६ साली जन्मले. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतची लेकरं मोजली, तेव्हा आम्ही त्या मोजणीत होतो. बीड जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली निघाल्या, राज्यात सर्वांत कमी. दहा वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, त्या ८९४ होत्या. लोक हा आकडा इतिहासासारखा सांगतात. आमच्यासाठी तो वर्गाचा हजेरीपट आहे. आमच्याबरोबर बाकावर बसायच्या होत्या त्या मुली जन्मल्याच नाहीत.

मे २०१२ मध्ये परळीतल्या एका दवाखान्यात गर्भपात करताना एका बाईचा जीव गेला आणि शहराचं नाव देशभर झालं. त्या डॉक्टर दांपत्याला बीडच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये दहा वर्षांची शिक्षा सुनावली. पुढच्याच वर्षी, जामिनावर बाहेर असताना, तोच डॉक्टर पुन्हा दवाखाना चालवताना सापडला. त्याचं नाव इथे लिहायची गरज नाही, गावाला ते पाठ आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. दवाखाना एकट्या डॉक्टरने चालत नाही. त्या पायऱ्या चढणारी माणसं कोण होती? शिक्षक होते, शेतकरी होते, पाहुण्यांनी सुचवलं म्हणून लांबून आलेले होते, आणि सुनेचा दंड धरून नेणाऱ्या सासवाही होत्या. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला. त्यानंतर चोवीस वर्षांनी हे परळीत घडलं. म्हणून आम्ही डॉक्टरला शिव्या घालून थांबत नाही. आम्ही आपापल्या घरात विचारायचं ठरवलंय: आपल्याकडे असं झालं होतं का? आमच्यातल्या तिघांनी विचारलंही. एकाला आईने उत्तर दिलं नाही, ती उठून भाकरी थापायला गेली. त्यावर आम्ही आणखी काही लिहीत नाही.

बालविवाहावर मात्र आम्हाला सविस्तर बोलायचंय, कारण या विषयावर भाषणं उदंड होतात आणि कारण कुणी सांगत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. राज्याचा आकडा २१.९ होता. दहावीच्या वर्गात दिवाळीची सुट्टी संपते, शाळा भरते आणि मधल्या रांगेतल्या दोन जागा रिकाम्या राहतात. सर हजेरी घेतात, नाव पुकारतात, कुणी काही बोलत नाही. महिनाभराने तीच पोरगी यात्रेत डोक्यावर पदर घेऊन दिसते आणि आपल्याला ओळख द्यावी की नाही, या विचारात पडते. पत्रिका छापलेली नसते. साखरपुडा आहे म्हणून मांडव घालतात आणि त्याच मांडवात अक्षता पडतात. काही लग्नं तर गावात होतच नाहीत, दूर साखर कारखान्यावर ऊसतोडवाल्यांच्या कोप्यांसमोर लागतात.

हे का होतं? आईबापाला पोरगी जड झालेली असते म्हणून, असं शहरातले लोक म्हणतात. अर्धं खरं आहे, पण बाकीचं अर्धं कोयत्यात आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीला. पोराचं लग्न झालं की घरात आणखी एक कोयता वाढतो आणि त्यावर उचल मिळते. पोरीच्या बाजूने पाहिलं तर प्रश्न वेगळाच असतो. दसरा झाला की मायबाप सहा महिन्यांसाठी सांगली-कोल्हापूरला नाहीतर कर्नाटकात जाणार. पंधरा वर्षांची पोरगी मागे कुणाकडे ठेवायची? म्हातारी आजी असते, तिला रात्री दिसत नाही. सोबत न्यावी तर उसाच्या फडात ना दार ना कडी. मग बाप म्हणतो, एकदाची दिल्या घरी जाऊ दे. त्या बापाला आम्ही राक्षस म्हणायला तयार नाही. तो भ्यालेला आहे. पण भ्यालेल्या बापाने केलेलं लग्नही बेकायदाच, हेही आम्ही त्याच्या तोंडावर सांगू.

गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी कोण असतो? ग्रामसेवक. तो बिचारा सरपंचाच्या मर्जीशिवाय ग्रामपंचायतीत खुर्ची हलवू शकत नाही, आणि लग्न बहुतेक वेळा सरपंचाच्याच भावकीतलं असतं. पंगतीत बसून बुंदी खाणारा माणूस मांडव कसा उठवणार? हे काम गावाबाहेरच्या माणसाकडे द्या, अशी आमची मागणी आहे.

दुसरी मागणी वसतिगृहाची. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ साली आली. योजना चांगली आहे. पण ऊसतोडीच्या गाड्या दसऱ्याला निघतात. वसतिगृह त्याआधी उघडलं, बिछाना आणि जेवण तयार असलं आणि आईला ती जागा स्वतःच्या डोळ्यांनी बघता आली, तरच ती पोरीला मागे ठेवेल. गाड्या गेल्यावर उघडलेलं वसतिगृह कागदावर भरतं.

तिसरी गोष्ट आम्ही स्वतः करणार आहोत. २००६ च्या कायद्याप्रमाणे अठराच्या आत लग्न लावून दिलेल्या मुलीला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत ते लग्न रद्द करून घेता येतं. ही एक ओळ आठवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गात जाऊन फळ्यावर लिहायची आणि खाली मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर लिहायचा. शाळेने परवानगी दिली नाही तर फाटकाबाहेर सांगायचं. सोबत रखमाबाईंची गोष्टही सांगायची. त्यांचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं. नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात बसा, असं १८८७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने त्यांना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुढे त्या डॉक्टर झाल्या. हे आमच्यातल्या एकालाही शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

मुलींच्या लग्नाचं वय एकवीस करायचं विधेयक २०२१ मध्ये संसदेत आलं होतं. आमचा त्याला विरोध होता आणि पुन्हा आलं तरी राहील. जिथे अठरा पाळलं जात नाही, तिथे एकवीस केल्याने काय होणार? वीस वर्षांच्या मुलीने स्वतःच्या पसंतीने केलेलं लग्न तेवढं गुन्ह्यात जमा होईल. एक ढोंग आम्ही रोज बघतो. सतरा वर्षांची पोरगी कुणाबरोबर निघून गेली की त्याच दिवशी पोक्सो लागतो. पंधराव्या वर्षी बापानेच तिला बोहल्यावर चढवलं तर तोच कायदा कुणाला आठवत नाही. मुलीचं वय किती आहे यापेक्षा निर्णय कुणी घेतला यावर गुन्हा ठरतो.

ऊसतोडीबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ती पोरांनीही ऐकावी. बीडमधल्या ऊसतोड बायका पिशवी काढून घेतात, याची बातमी २०१९ मध्ये देशभर झाली आणि सरकारने समिती नेमली. पाहणीत ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी १३ हजारांहून जास्त बायकांनी गर्भाशय काढलेलं निघालं. आमच्यातल्या एकाच्या आईचं नाव त्या यादीत असेल किंवा नसेलही, त्याने कधी विचारलं नाही. एका दिवसाचा खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. पाळी दर महिन्याला येते. फडात आडोसा नाही, पाणी नाही. पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलं की डॉक्टर सांगतो, पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल. तिशीतली बाई ऑपरेशनसाठी पुन्हा उचल घेते आणि ती फेडायला पुन्हा फडात जाते. तोडणीचा दर जानेवारी २०२४ च्या करारात टनाला ३६६ रुपये झाला. तेव्हा फटाके वाजले. त्या करारात बायकांच्या आजारपणाच्या रजेचं काय झालं, असं आमच्या वस्तीवरच्या एका मावशीने विचारलं, तर लोक हसले. पाळीच्या दिवसांचा खाडा धरू नये, ही मागणी आम्ही लाजून नाही, मोठ्याने मांडतोय. आमच्यातल्या पोरांनी बैठकीत 'पाळी' हा शब्द उच्चारायला दोन रविवार घेतले, हेही लिहून ठेवतो.

आता आरक्षण. इथे आमचं एकमत झालेलं नाही. काही जण ओबीसी आहेत आणि त्यांना वाटतं की ताट एकच आहे आणि जेवणारे वाढताहेत. काही मराठा आहेत. त्यांच्या घरी दोन एकर कोरडवाहू आहे आणि भाऊ पुण्यात डिलिव्हरी करतो. दोघा-तिघा दलित मुलांना या भांडणात आपण कुठे आहोत, हेच कुणी विचारत नाही याचा राग आहे. चार बैठका झाल्या, चहाचे पैसे संपले, एकमत झालं नाही. ते झालं असं खोटं लिहिणार नाही. पण एवढं सगळ्यांनी मान्य केलं: आरक्षणाच्या आंदोलनात ३० ऑक्टोबर २०२३ ला बीड आणि माजलगावात घरं पेटली तेव्हा आमच्यातल्या काहींनी त्याचे व्हिडिओ स्टेटसला ठेवले होते. काहींनी २०२४ च्या लोकसभेच्या निकालानंतर अमक्या समाजाच्या दुकानातून सामान घेऊ नका, असे मेसेज पुढे ढकलले. ते चुकलं. कुणी सांगितलं म्हणून चुकलं असं नाही. ज्या दुकानातून आई उधारीवर साखर आणायची, त्याच दुकानावर तो बहिष्कार होता. यापुढे आमच्यातला कुणी आरक्षणावर भांडेल तर जरूर भांडेल, समोरासमोर, आकडे घेऊन. दुकान, लग्न आणि मयत यांना कुणी हात लावणार नाही.

लग्नावरून आठवलं. दुसऱ्या जातीत लग्न केलं तर काही प्रवर्गांना सरकार पन्नास हजार रुपये देतं आणि नोंदणी पद्धतीने केलं तर त्याच लग्नाची नोटीस तीस दिवस सरकारी कार्यालयाच्या फलकावर लावते. म्हणजे एका हाताने आहेर आणि दुसऱ्या हाताने भावकीला पत्ता. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातली ही जाहीर नोटीस बंद करा. पन्नास हजार नाही दिले तरी चालेल.

राखेबद्दल फार लिहीत नाही, ती सगळ्यांच्या वाळवणावर पडते. १९७१ पासून हे गाव राज्याला वीज देतंय. वैजनाथाच्या देवळात भस्म कपाळाला लावतात, वीज केंद्राची राख मात्र छातीत बसते आणि तिच्या वाहतुकीवरून माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात. हायवांवर ताडपत्री बांधा, शाळेच्या वेळेत त्या गावातून नेऊ नका. एवढं साधं सांगायलाही परळीत धाडस लागतं, ही शरमेची गोष्ट आहे.

९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. तपासाचे धागे परळीपर्यंत येऊन पोचले आणि मार्च २०२५ मध्ये परळीच्या आमदाराला मंत्रिपद सोडावं लागलं. खटल्याचं न्यायालय बघेल. आम्हाला आमच्याकडे बघायचंय. पिस्तूल दाखवणारे रील, गाड्यांचे ताफे, 'भाऊ'च्या वाढदिवसाचे बॅनर आम्हीच लाईक केले होते. त्या बॅनरवर खाली कोपऱ्यात बोटभर फोटो छापून यावा म्हणून आमच्यातल्या एकाने पाचशे रुपये दिले होते. नंतर तोच पुण्यात खोली शोधायला गेला. घरमालकाने आधारकार्ड बघितलं, 'परळी' वाचलं आणि खोली दिलेली आहे म्हणून सांगितलं. त्याला वाईट वाटलं. आम्हाला ते ऐकून वाईट वाटलं आणि थोडं हसूही आलं, कारण इतकी वर्षं आडनाव बघून आम्ही जे इतरांना करत होतो, ते गाव बघून कुणीतरी आम्हाला केलं.

हे सगळं तुम्ही कॉलेजच्या निवडणुकीत का मांडत नाही, असं एका सरांनी विचारलं. सर, निवडणूक आहे कुठे? अठराव्या वर्षी मतदानाचा हक्क मिळाला १९८९ मध्ये. महाविद्यालयातल्या थेट निवडणुका महाराष्ट्रात १९९० च्या दशकात थांबल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्या परत आल्या, पण कागदावरच. आम्ही खासदार निवडू शकतो, वर्गाचा प्रतिनिधी निवडू शकत नाही. याच मराठवाड्यात १९३८ साली वसतिगृहातली पोरं वंदे मातरम् म्हटलं म्हणून कॉलेजातून काढली गेली. ती नागपूरला जाऊन शिकली, पण माफी मागितली नाही. त्यांच्यातल्या कुणाचं आडनाव काय होतं, हे आजही कुणी विचारत नाही. निवडणुका घ्या. मारामाऱ्या होतील म्हणता, तर त्या ग्रामपंचायतीतही होतात, तरी तिथे कुणी निवडणूक रद्द करत नाही.

आई-बाबा, काका, मामा, तुम्ही हा कागद वाचणार आहात, हे माहीत आहे. तुमच्यातले काही म्हणतील, पोरं शेफारली. काही फोन करून विचारतील, यामागे कोण आहे? मागे कुणी नाही. सह्या पुढे आहेत. राग आला तर बोलावून घ्या, आम्ही येऊ, जेवूनही जाऊ. फक्त त्या दिवशी एक करा: आडनाव विचारायच्या आधी वाक्य पुरं होऊ द्या.

दर रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही रेल्वे स्टेशनबाहेरच्या टपरीपाशी भेटतो. आपापल्या चहाचे पैसे आपण द्यायचे. मुलींना एकटीने यावं लागू नये म्हणून दोघी-तिघी मिळून निघा, परतीला कुणीतरी सोबत असेल.

जे यंदा ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघालेत, त्यांच्यासाठी वेगळं सांगणं आहे. तुमचा प्रवेश रद्द होऊ नये म्हणून आम्ही प्राचार्यांकडे अर्ज देणार आहोत, त्यावर तुमची सही लागेल. गाडी सुटायच्या आत सही करून जा आणि कोणत्या कारखान्याला चाललात तेही लिहून द्या. नोव्हेंबरपासून दर महिन्याला तिथे नोट्स पाठवायच्या आहेत.